दिसली नाही

"एवढं साठ-सत्तर किलोमीटर लांब जाता, रात्रभर थंडीत कुडकुडता, ते नक्की बघता तरी काय रे?"

हा प्रश्न मला दर अमावस्येनंतरच्या सोमवारी ऑफिसात कोणी ना कोणी विचारतंच. मी चहाच्या मशिनपाशी लाल डोळे घेऊन उभा असतो, त्यामुळे लपवायची सोय नसते. खरं उत्तर आहे: "एक धुरकट ठिपका. तोही असला तर." पण हे उत्तर दिलं की समोरचा माझ्याकडे ज्या काळजीने बघतो, ती मला बघवत नाही. म्हणून मी सहसा शनीची कडी, गुरूचे चंद्र असं काहीतरी सांगून सुटका करून घेतो. आज वीकेंड आहे, तेव्हा खरं उत्तर जरा सविस्तर देतो.

आम्ही दीर्घिका बघतो. म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या, पण तिच्या बाहेर असलेल्या. देवयानी तारकासमूहातली मोठी दीर्घिका (एम-३१) आपल्यापासून साधारण २५ लाख प्रकाशवर्षं लांब आहे आणि चांगल्या अंधारात नुसत्या डोळ्यांनी दिसते. तिथून पुढे मात्र उतरण सुरू होते. १८८८ साली ड्रेयरने जी एनजीसी यादी छापली तिच्यात ७८४० नोंदी आहेत. त्यात तारकागुच्छ आहेत, तेजोमेघ आहेत, पण मोठा भाग दीर्घिकांचा. आणि त्यातल्या बऱ्याचशा हौशी माणसाच्या दुर्बिणीतून दिसतात-न दिसतात अशा काठावरच्या. आमच्यासारख्यांचं सगळं वेड त्या काठावरचं आहे.

एक उदाहरण घेऊ, पुढेही लागणार आहे. महाश्व तारकासमूहात एनजीसी ७३३१ नावाची एक बऱ्यापैकी ठळक दीर्घिका आहे. तिच्यापासून साधारण पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढं सरकलं की पाच दीर्घिकांचा एक घोळका लागतो. एदुआर स्तेफान ह्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने तो १८७७ साली मार्सेच्या वेधशाळेतून शोधला, म्हणून 'स्तेफानचं पंचक'. पाचांपैकी चार जणी सुमारे २९ कोटी प्रकाशवर्षं लांब आहेत आणि एकमेकींना अक्षरशः ओरबाडतायत. पाचवी, एनजीसी ७३२०, फक्त चार कोटी प्रकाशवर्षांवर आहे, उगाच मध्ये येऊन फोटोत घुसलीय. लग्नाच्या फोटोत एक अनोळखी काका असतात ना, तसं. :)

ह्या पंचकाचा जेम्स वेब दुर्बिणीने काढलेला फोटो जुलै २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. गुगल करून बघा, डोळे दिपतात. इतकं कशाला, हल्ली बाजारात मिळणारी छोटी 'स्मार्ट' दुर्बीण गच्चीत ठेवलीत तरी थोड्या वेळात मोबाईलवर पाचही जणी उमटतात. मग बारा इंची आरशाच्या दुर्बिणीला डोळा लावून तासभर झगडायचं कशाला?

कारण कॅमेरा साठवतो आणि डोळा साठवत नाही. कॅमेरा दहा मिनिटं प्रकाश गोळा करून मग चित्र देतो. डोळ्याला सेकंदाच्या अंशात जे मिळेल त्यावर निकाल द्यावा लागतो. आणि लोकांचा एक गैरसमज असतो, की मोठी दुर्बीण म्हणजे सगळं जास्त उजळ. ताऱ्यांच्या बाबतीत ते खरं आहे. दीर्घिकेसारख्या पसरट गोष्टीच्या बाबतीत नाही. दुर्बीण तिला मोठी करते, पण तिच्या पृष्ठभागाची उजळी नुसत्या डोळ्याला जेवढी, त्यापेक्षा वाढवू शकत नाही. मागचं आकाशही त्याच प्रमाणात येतं. म्हणजे सगळा खेळ राखाडीवरच्या किंचित कमी राखाडीचा. एखादी अंधूक गोष्ट मोठी झाली की डोळ्याला ती पकडता येते, एवढाच आपला फायदा.

आता डोळ्याचं काम कसं चालतं ते बघा, कारण इथेच मजा आहे. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध रंग ओळखणाऱ्या शंक्वाकार पेशी दाटीने असतात, आणि अंधारात काम करणाऱ्या दंडाकार पेशी तिथे जवळजवळ नसतातच. त्या आजूबाजूला. म्हणून अंधूक दीर्घिकेकडे सरळ बघितलं की ती गायब होते, आणि नजर जरा बाजूला वळवली की कोपऱ्यातून हळूच उगवते. ह्याला आम्ही 'तिरपी नजर' म्हणतो. उजव्या डोळ्याने बघत असाल तर नजर उजवीकडे सरकवायची, डावीकडे सरकवली तर दीर्घिका डोळ्यातल्या आंधळ्या बिंदूवर पडू शकते. त्याआधी निदान अर्धा तास अंधारात बसायचं. मोबाईल बंद. टॉर्च लाल. डोक्यावर काळं फडकं. श्वास रोखायचा नाही, सगळे नवीन लोक रोखतात. आणि काहीच दिसत नसेल तर दुर्बिणीच्या नळीवर हलकी टिचकी मारायची. चित्र हललं की डोळ्याला हलणारं लवकर कळतं.

बरं, हा डोळा किती संवेदनशील? १९४२ साली हेश्ट, श्लेअर आणि पिरेन ह्या तिघांनी कोलंबिया विद्यापीठात मोजलं. अंधाराला सरावलेल्या डोळ्यात फक्त ५ ते १४ फोटॉन दंडाकार पेशींनी टिपले तरी माणूस "दिसलं" म्हणतो. वाचून मला आपल्या डोळ्यांचा भयंकर अभिमान वाटला होता.

पण ह्याची दुसरी बाजू आहे. एवढं संवेदनशील यंत्र गप्प बसत नाही. दंडाकार पेशीतलं रसायन कधीकधी प्रकाश नसतानाही नुसत्या उष्णतेने बदलतं आणि पेशी "फोटॉन आला!" असं खोटंच कळवते. माकडांच्या पेशींवर १९८४ साली झालेल्या मोजमापानुसार एक पेशी साधारण दोन-तीन मिनिटांतून एकदा असं करते. आपल्या एका डोळ्यात अशा पेशी नऊ-दहा कोटी आहेत. गुणाकार तुम्हीच करा. म्हणजे अगदी काळ्याकुट्ट अंधारातही डोळ्यात सतत काहीतरी खसखसत असतं, आणि मेंदू त्यातून अर्थ काढायला टपलेलाच असतो. काठावरच्या दीर्घिकेपाशी प्रश्न "दिसली का?" असा राहतच नाही. "जे दिसलं ते आकाशातलं होतं का माझ्या डोक्यातलं?" असा होतो.

आता १८७७ सालाकडे परत येतो. स्तेफानने पंचक शोधलं त्याच वर्षी मंगळ पृथ्वीच्या खूप जवळ आला होता. वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत असॅफ हॉल मंगळाचे चंद्र शोधत होता. मंगळाच्या झगझगाटात काही सापडेना, तो नाद सोडायच्या बेतात होता, पण बायकोने, अँजेलिन स्टिकनीने, अजून एकदा बघ म्हणून आग्रह धरला. ऑगस्टमध्ये त्याला एक नाही, दोन चंद्र सापडले. (फोबॉसवरच्या सगळ्यात मोठ्या विवराला तिचं नाव आहे.) आणि त्याच मंगळाकडे मिलानहून स्कियापारेल्ली बघत होता. कसलेला निरीक्षक, नजर उत्तम, अत्यंत प्रामाणिक. त्याला पृष्ठभागावर बारीक सरळ रेषा दिसल्या. त्याने त्यांना 'कनाली' म्हटलं, म्हणजे चर किंवा खाचा. इंग्रजीत जाताना त्याचे कालवे झाले. पुढे अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेलने स्वतःच्या पैशांनी वेधशाळा बांधली आणि वर्षानुवर्षं ह्या कालव्यांचे नकाशे काढले, ते खणणाऱ्या मंगळवासीयांसकट.

कालवे नव्हतेच. १९६५ मध्ये मरिनर-४ यानाने जवळून फोटो काढले तेव्हा विवरं दिसली, कालवा एकही नाही.

ह्या तिघांनाही नजरेच्या काठावर काहीतरी दिसलं होतं. तिघांपैकी खोटारडा एकही नव्हता. मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते. कारण प्रामाणिकपणा पुरेसा असता तर कालवे निघालेच नसते. १९०३ मध्ये माँडर आणि एव्हान्स ह्या दोघांनी ग्रिनिचच्या एका शाळेतल्या मुलांना लांबून एक चित्र दाखवलं आणि जे दिसतं ते काढा म्हणून सांगितलं. चित्रात होते ठिपके आणि वेडेवाकडे डाग. ठराविक अंतरावर बसलेल्या मुलांनी त्यांच्या जागी सरळ रेषा काढल्या. त्या मुलांना मंगळाशी काही देणंघेणं नव्हतं. डोळे ठिपके जोडतातच.

तर सांगायचा मुद्दा असा, की नुसतं "मी खरं सांगतोय" म्हणून भागत नाही. काहीतरी पद्धत लागते. ती मला शिकवली आमच्या काकांनी.

काका म्हणजे आमच्या सात-आठ जणांच्या टोळक्याचे म्होरके. बँकेतून रिटायर झालेले, आता सत्तरी ओलांडलेले. (नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, तेव्हा नुसते काका.) बारा इंची आरसा त्यांनी स्वतः घरी घासलाय, कित्येक महिने, काकूंच्या शिव्या खात. तोरण्याच्या मागच्या अंगाला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर आम्ही जमतो. काकांचा नियम एकच: "सांगायचं नाही. काढायचं."

म्हणजे काय, तर प्रत्येकाला एक पोस्टकार्डाएवढं कार्ड आणि पेन्सिल. कार्डावर गोल छापलेला. एकाने बघायचं, बाजूला जाऊन लाल उजेडात जे दिसलं ते काढायचं, कार्ड पालथं घालून ठेवायचं. मध्ये कोणी चकार शब्द बोलायचा नाही. "वा!" सुद्धा नाही. शेवटी सगळी कार्डं एकदम उलटायची. दोन कार्डांवर एकाच जागी एकच ठिपका असेल तर तो आकाशात आहे असं धरायचं. आणि ठिपक्याशेजारी चारपैकी एक शब्द लिहायचा: 'दिसली', 'तिरप्या नजरेने दिसली', 'दिसल्यासारखी वाटली', 'दिसली नाही'.

ह्यातली खरी गोम मला दुसऱ्या वर्षी कळली. काका मधूनच, न सांगता, दुर्बीण आकाशाच्या कोऱ्या भागाकडे लावतात. जिथे दुर्बिणीच्या आवाक्यातलं काहीही नाही अशा. आणि गंभीर चेहऱ्याने म्हणतात, "हं, बघा." एकदा सहापैकी दोन कार्डांवर सुंदर लांबट दीर्घिका निघाल्या होत्या. कोणी हसलं नाही. काका फक्त म्हणाले, "आता तुमचा खसखसाट किती ते तुम्हाला कळलं. पुढच्या वेळी तेवढा वजा करा." माझ्या मते हे त्यांचं सगळ्यात मोठं शिक्षण आहे. ह्यात कोणाला खोटं ठरवायचं नसतं. प्रत्येकाला स्वतःचा एरर रेट माहीत झाला की बास.

गेल्या कार्तिक अमावस्येच्या जवळचा शनिवार. हवा कोरडी, वारा पडलेला, ईशान्येला पुण्याचा नेहमीचा पिवळट फुगवटा. साडेसात-आठला महाश्व डोक्यावरून जरा पश्चिमेला कलला होता. काकांनी पंचक लावलं. ते दर वर्षी ह्या सुमाराला लावतातच. त्यांच्या वहीत पंचकाच्या नोंदी १९९८ पासूनच्या आहेत.

आम्ही पाच जणांनी बघितलं, काढलं. मला आधी ७३२० आली, मग मधली जोडी (एकच लांबट डाग म्हणून), मग बऱ्याच वेळाने ७३१९. शेवटी ७३१७. ही एका अंधूक ताऱ्याला चिकटून आहे, त्यामुळे तारा कुठे संपतो आणि दीर्घिका कुठे सुरू होते ते कळायला वेळ लागतो. तिरप्या नजरेने, चार-पाच वेळा, एकाच जागी. मी तसं लिहिलं. सगळ्यात शेवटी काका. बराच वेळ फडक्याखाली होते.

कार्डं उलटली. आमच्यापैकी चौघांच्या कार्डावर ७३१७ होती. काकांच्या कार्डावर नव्हती. ७३१९ पुढे 'दिसल्यासारखी वाटली' लिहिलेलं.

आमच्यात ह्या वर्षी एक नवीन मुलगी आली आहे, कॉलेज नुकतंच संपलेली, एकदम उत्साही. तिला राहवलं नाही. "अहो काका, त्या ताऱ्याला लागूनच आहे. परत बघा ना, दिसेल तुम्हाला. मी सांगते नक्की कुठे."

काका म्हणाले, "कुठे आहे ते मला माहीत आहे गं. म्हणूनच तर."

आणि वहीत लिहिलं: ७३१७, दिसली नाही.

मला ते वाक्य कळायला थोडा वेळ लागला. पंचवीस-सव्वीस वर्षं त्यांनी ती दीर्घिका बघितली आहे. ती कुठे आहे हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता येईल. म्हणजे ती दिसली असं वाटून घ्यायला जगात त्यांच्याइतकं लायक कोणी नाही. तिथे 'तिरप्या नजरेने दिसली' लिहिलं असतं तर कोणी हू का चू केलं नसतं, आणि कदाचित त्यांना स्वतःलाही ते खरंच वाटलं असतं.

चहा पिताना त्यांनी जुनी पानं उघडून दाखवली. पूर्वी त्याच खळ्यावर, त्याच दुर्बिणीतून पाचही जणी नियमित. मग ७३१७ पुढे 'दिसली'चं 'तिरप्या नजरेने' झालं, मग 'वाटली'. मी विचारलं, "काका, ह्यात आकाशाचा दोष किती आणि डोळ्यांचा किती?" वय वाढतं तसं अंधारात बाहुली पूर्वीएवढी मोठी होत नाही, डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं. दुसरीकडे शहरही वाढतंच आहे. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने ढकलणाऱ्या.

"माझ्या एकट्याच्या वहीवरून कधीच कळलं नसतं," ते म्हणाले, "म्हणून तर तुमची कार्डं जपून ठेवतो. तुम्हाला दिसली ना? मग अजून आकाश शिल्लक आहे. आता डोळे दाखवून येतो एकदा."

मी गप्पच बसलो. कारण कार्डं उलटायच्या आधी, काका फडक्याखाली इतका वेळ आहेत हे बघून, माझ्या मनात येऊन गेलं होतं की आपल्या कार्डावरची ७३१७ खोडून टाकावी. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटेल. खोडली नाही, कारण नियम म्हणजे नियम. पण खोडली असती, आणि बाकीच्यांनीही तोच दयाळूपणा केला असता, तर काका आकाशाला दोष देत घरी गेले असते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेच नसते. पुढे मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन झालं, आता बरे आहेत.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण आम्ही काय करू? आपल्या धंद्यात हे रोज असतं हो. स्वतः लिहिलेला कोड स्वतः तपासताना आपण काय वाचतो? जे लिहायचं ठरवलं होतं ते वाचतो. लिहिलेलं दिसतच नाही, कारण ते 'कुठे आहे ते माहीत आहे'. म्हणून दुसऱ्याने बघायचं, आणि आपण आधी काही न सांगता बघू द्यायचं. रिव्ह्यूला पाठवताना "इथे काही नाहीये, नुसतं अप्रूव्ह कर" असं लिहिणारे महाभाग प्रत्येक टीममध्ये असतात. आणि टीममध्ये "मला नाही दिसलं", "मला नाही कळलं" म्हणणं महाग पडत असेल, तर काही दिवसांनी सगळ्यांना सगळं दिसायला लागतं. कालवेसुद्धा.

जाता जाता आकाशाबद्दल. २०२३ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासात हजारो हौशी लोकांनी २०११ ते २०२२ मध्ये केलेल्या ताऱ्यांच्या नोंदी वापरल्या होत्या, मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या. त्यावरून रात्रीचं आकाश दर वर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळ होतंय असं निघालं. म्हणजे आठ वर्षांच्या आत दुप्पट. त्या लोकांनी काय केलं होतं? घराबाहेर येऊन आपल्याला कोणते तारे दिसतात आणि कोणते दिसत नाहीत एवढंच लिहिलं होतं. 'दिसत नाही'च्या नोंदींचा असा उपयोग होतो. आपल्याकडे लडाखमधलं हानले आणि जानेवारी २०२४ पासून विदर्भातलं पेंच हे अंधार जपण्यासाठी राखलेले भाग आहेत. पण दर शनिवारी पुण्याहून पेंचला जाता येत नाही, तेव्हा तोरण्यामागचा अंधार टिकलेला बरा.

कोणाला सुरुवात करायची असेल तर दुर्बीण घेऊ नका. पावसाळा संपल्यावर अमावस्येच्या आसपास शहराबाहेर जा, अर्धा तास मोबाईल खिशात ठेवा, आणि देवयानीतली मोठी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी शोधा. सरळ नाही, जरा बाजूला बघत. ती जमली की त्रिकोण तारकासमूहातली एम-३३ बघा, तिथे खरा घाम निघतो. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, त्यांच्या कार्यक्रमांना जा. एक वही करा. तारीख, वेळ, जागा, आणि त्या चार शब्दांपैकी एक.

पहिल्या पानावर बहुतेक चौथाच शब्द येईल. येऊ दे. लिहा.